वासकसज्जा आणि कॅमेरा

आमच्या परिचयाच्या एका बाईंनीं गेल्या आषाढांत कापडी बांधणीचा एक लहानसा संग्रह आमच्या हातीं ठेवला आणि एखाद्या नव्या काव्यसंग्रहावर लिहावें तसें यावर मोकळेपणानें लिहा, असें सांगितलें. संग्रहांत बारा छायाचित्रें आहेत. तीं सर्व त्यांचीं स्वतःचींच आहेत, व्यावसायिक छायाचित्रकाराला पैसे देऊन काढविलेलीं आहेत, आणि ज्या वेषांत आपल्याकडील गृहिणी परक्यापुढें तर राहोच, घरच्या वडील माणसांपुढेंही येत नाहीं अशा वेषांत काढविलेलीं आहेत. बाई दादरच्या एका शाळेंतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत. वय साठीच्या आगेमागें. तीन वर्षांपूर्वीं परळच्या टाटा रुग्णालयांत त्यांचा डावा स्तन काढावा लागला. हें सारें त्यांच्या अनुमतीनें लिहीत आहों. नांव छापूं नये एवढीच त्यांची अट, आणि ती आम्हांस सर्वथा मान्य आहे.

संग्रहाबरोबर त्यांनीं एक दोनशें पानी वहीही दिली. छायाचित्रें काढावयाचा दिवस ठरल्यापासून तो उजाडेपर्यंत एकवीस दिवस गेले, त्या दिवसांची ही टिपणें. त्यांत किराणा मालाचा हिशेब आहे, मोलकरणीच्या रजा आहेत आणि मधूनच आपल्या शरीराविषयीं एखादें वाक्य आहे. आमचा अभिप्राय प्रथमच सांगून टाकतों : वही छायाचित्रांहून सरस आहे. असें कां व्हावें, याचा विचार करावा म्हणून हा लेख.

या जातीच्या छायाचित्रांना इंग्रजींत जो शब्द रूढ आहे तो मूळचा फ्रेंच. 'बूद्वार' म्हणजे श्रीमंत घरांतील स्त्रीची खासगी खोली. आणि हा शब्द ज्या क्रियापदापासून निघाला त्याचा अर्थ रुसणें, गाल फुगवून बसणें. शब्दशः ही रुसण्याची खोली झाली. रामायण ऐकत वाढलेल्या मराठी माणसास येथें कैकेयीच्या क्रोधागाराचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. कैकेयी तेथें शिरली तीही अंगावरचे अलंकार उतरवूनच. हल्लीं या शब्दाचें 'शय्यागृह' असें भाषांतर करण्याकडे कित्येकांचा कल दिसतो. तें आम्हांस चुकीचें वाटतें. शय्येचा संबंध दुसऱ्या माणसाशीं येतो. रुसावयास मात्र एकटीलाच बसावें लागतें.

परंतु आपल्या मध्यम स्थितींतल्या घराला हें दालन कधीं नव्हतेंच. ओटी होती, माजघर होतें, देवघर होतें, कोठी होती. बाळंतिणीलाही खोली होती, रुसणारीला नव्हती. तिनें चुलीकडे तोंड करून काय रुसावयाचें तें रुसावें. मुंबईंत तर माजघरही गेलें. सरकारनें १९२० नंतरच्या काळांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या त्यांतली एक खोली १६० चौरस फुटांची. गिरगांवांतल्या आणि लालबागेंतल्या खासगी चाळींत याहून फार निराळें माप नव्हतें. एवढ्या जागेंत आठ-दहा माणसें निजत. बाई लालबागेंतल्या अशाच एका खोलींत वाढल्या. वहींत त्यांनीं लिहिलें आहे कीं, घरांतला आरसा खिळ्याला टांगलेला, वीतभर. त्यांत एका वेळीं कपाळ तरी दिसे, नाहीं तर हनुवटी तरी. बाकीचें अंग आपल्याला आहे हें मोरींत आंघोळ करतांना कळे, आणि तेंही घाईनें, कारण दाराबाहेर कोणी तरी खोळंबलेलें असे. पूर्णाकृति आरसा त्यांनीं पहिल्यानें पाहिला तो लग्नानंतर, गोदरेजच्या कपाटाच्या दारावर. आणि त्याचाही उपयोग साडीच्या निऱ्या सारख्या आहेत कीं नाहींत हें पाहण्यापुरताच झाला. छायाचित्रांसाठीं भाड्यानें घेतलेली दोन तासांची खोली ही या बाईंच्या आयुष्यांतली आंतून कडी लावलेली पहिली खोली होय. ज्यांना हा सारा प्रकार धनिकांचें खूळ वाटतो त्यांनीं एवढी गोष्ट लक्षांत घ्यावी.

आपल्या साहित्यशास्त्रांत या प्रसंगाला नांव नाहीं असें मात्र नव्हे. भरतानें नाट्यशास्त्रांत ज्या आठ नायिका सांगितल्या त्यांतली एक वासकसज्जा. प्रियकर यावयाचा आहे म्हणून आपलें अंग आणि आपलें घर सजवून बसलेली ती वासकसज्जा. चित्रकारांनीं हिच्यावर फार प्रेम केलें. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यांत हातीं आरसा धरून प्रसाधन करणारी राजस्त्री आहे. रविवर्म्याच्या ज्या चित्राचा १८७३ सालीं व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत गौरव झाला तेंही केसांत फुलें माळणाऱ्या नायर स्त्रीचें. या दोन्ही चित्रांचा विषय तयारी हाच आहे. कोणी यावयाचें आहे, पण आलेलें नाहीं; किंबहुना तें कधीं येऊंच नये असें चित्र पाहणाऱ्यास वाटतें. प्रतीक्षेचें रहस्य आपल्या जुन्या कलावंतांना मीलनाच्या रहस्याहून अधिक ठाऊक होतें. आतां येथें वासकसज्जा साठ वर्षांची आहे आणि जो यावयाचा आहे तो प्रियकर नसून कॅमेरा आहे. मग ती सजते कोणासाठीं? वहीची सारी गोडी या प्रश्नांत आहे, आणि बाईंनीं तो कोठेंही मोठ्यानें विचारलेला नाहीं हें विशेष.

छायाचित्रकार ही एक तरुण मुलगी. तिनें पहिल्याच भेटींत कॅमेऱ्याला हात लावला नाहीं. एक कागद दिला आणि चार प्रश्न विचारले. अंगाचा कोणता भाग तुम्हांला आवडतो? कोणता दाखवावयाचा नाहीं? चित्रें कोण पाहील? आणि कोणीं पाहूं नये? दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचें उत्तर बाईंनीं त्याच रात्रीं लिहिलें. पहिल्याला चार दिवस लागले. चौथ्या दिवशींच्या टिपणांत एवढेंच आहे : "मान. आणि मनगटें. खडू धरून धरून उजवें जरा जाड झालें आहे." ती मुलगी प्रथम त्यांना 'काकू' म्हणाली, तेव्हां बाईंनीं तिला थांबविलें. "शाळेंत मुलें बाई म्हणत, तेंच तुम्हीही म्हणा. काकू म्हटलंत तर मला चहा टाकावासा वाटेल."

पुढील दिवसांचा तपशील मोठा मनोरंजक आहे, आणि उपयुक्तही. कमरबंद, नाडी, घट्ट बाह्या यांचे वळ त्वचेवर दोन-तीन तास राहतात आणि कॅमेरा ते फार निष्ठुरपणें टिपतो. म्हणून त्या दिवशीं सकाळपासून सैल गाऊन घालावा. नवें मलम, नवी पावडर आयत्या वेळीं लावूं नये. पुरळ उठला म्हणजे तो लपविण्यांत अर्धा वेळ जातो. आदल्या रात्रीं पुरी झोंप घ्यावी. हळदीनें पिवळीं झालेलीं नखें लिंबाच्या फोडीनें घासावीं. ठरलेला दिवस नेमका संकष्टीचा निघाला, आणि चंद्रोदयापर्यंतच्या उपवासानें चेहरा ओढलेला दिसेल म्हणून बाईंनीं दिवस बदलून घेतला. चतुर्थी मोडली नाहीं. या सर्व सूचनांत विशेष असें कांहीं नाहीं. पूर्वीं वधूला लग्नाआधीं घरच्या बायका याच सांगत असत. फरक इतकाच कीं वधूला त्या दुसरे सांगत; येथें बाई स्वतःलाच सांगत आहेत आणि त्यामुळें त्यांच्या लिहिण्यांत एक संकोचयुक्त विनोद आला आहे.

वस्त्रांचा प्रश्न सर्वांत बिकट. स्टुडिओकडून नमुन्यादाखल जीं वस्त्रें आलीं तीं जाळीचीं, झुळझुळीत आणि परदेशी बेताचीं होतीं. बाईंनीं दार लावून एक अंगाला लावून पाहिलें, आणि वहींत लिहिलें कीं आपण मच्छरदाणींत अडकल्यासारख्या दिसतों. गिरगांवांत राहणारी धाकटी बहीण त्या वेळीं घरीं आलेली होती. तिच्याशीं झालेला संवादही नोंदलेला आहे. "ताई, या वयांत हें काय सुचलें तुला?" "या वयांत आहे म्हणूनच सुचलें. आधीं वेळ कुठें होता?" त्यानंतर त्या बहिणीनेंच पेटी उघडून आईचें जुनें नऊवारी काढलें; शेवटीं तें, एक पांढरी व्हॉइलची साडी आणि यजमानांचा एक झिजलेला सदरा एवढीं तीन वस्त्रें ठरलीं. यजमानांना हें पंधराव्या दिवशीं सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्तमानपत्राचा बोळा ओला करून ते कपाटाचा आरसा पुशीत असलेले बाईंना दिसले. वहींत यावर टीका नाहीं, आम्हीही करीत नाहीं.

आतां थोडें मागें जाऊन पाहूं. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली ती १८५४ सालीं, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्याही आधीं. परंतु कुलीन स्त्री आणि कॅमेरा यांची भेट होण्यास पुष्कळ काळ गेला. लाला दीनदयाळ यांनीं १८९२ च्या सुमारास हैदराबादेंत जनान्यासाठीं स्वतंत्र स्टुडिओ काढला आणि तेथें कॅमेऱ्यामागें बाईच नेमली. हा धंद्याचा धोरणीपणा होता, पण स्त्रीला स्त्रीच्या दृष्टीपुढें बसूं द्यावें हा विचारही त्यांत होता. आपल्या घरोघरच्या जुन्या तसबिरींत सासरा खुर्चीवर आणि सून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी. हात खुर्चीवर अशासाठीं कीं काच उघडी असेपर्यंत हलतां येत नसे. अशा रीतीनें जन्मलेला ताठरपणा पुढें सभ्यतेचें लक्षण होऊन बसला. त्यांतून आपल्या बायकांना सोडविलें तें एका पुरुषानें. बालगंधर्वांचीं भामिनीच्या, रुक्मिणीच्या, सिंधूच्या वेषांतलीं छायाचित्रें घरोघर गेलीं, आणि पदर कसा घ्यावा, मान कशी कलती ठेवावी, हें मध्यमवर्गीय स्त्रिया त्यांवरून शिकल्या. स्त्रीनें स्त्रीसारखें कसें दिसावें हें पुरुषाकडून शिकावें, यांतला विपर्यास त्या काळीं कोणास फारसा खटकला नाहीं.

याच मुंबईंत रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं जुलै १९२७ मध्यें 'समाजस्वास्थ्य' काढलें आणि १९५३ सालीं मृत्यूपर्यंत एकहातीं चालविलें. या मासिकाच्या मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचें चित्र असे. १९३१ सालीं कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला. १९३४ च्या खटल्यांत डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनें उभे राहिले, तरीही दंड चुकला नाहीं. हे खटले मजकुरावरून झाले. परंतु ज्यांनीं तें मासिक उशीखालीं ठेवून वाचलें त्यांच्या स्मरणांत राहिलें तें मुखपृष्ठच. नग्नतेंत स्वभावतः अश्लील असें कांहीं नाहीं, हें कर्व्यांचें म्हणणें आम्हांस पटतें. आणि तरीही त्या मुखपृष्ठांविषयीं आमची एक तक्रार आहे. त्यांतली स्त्री ही कोणी बाई नव्हे. ती एका सिद्धान्ताची आकृति आहे. तिला मनगट आहे, पण खडू धरून जाड झालेलें मनगट नाहीं. कर्व्यांनीं समाजाची लाज घालवावयास हवी तेवढी घालविण्याचा यत्न केला. पण एका विवक्षित स्त्रीला स्वतःकडे पाहतां यावें, हा प्रश्न त्यांच्या तर्कशास्त्राच्या कक्षेंत आला नाहीं.

पुढल्या काळांत अशा स्त्रिया आल्या, पण त्या आल्या त्या रुपेरी पडद्यावर आणि जाहिरातींत. १९३८ च्या 'ब्रह्मचारी'मध्यें मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या वेषांत पडद्यावर आल्या आणि सभ्य महाराष्ट्र एकदम दचकला व तिकिटाच्या खिडकीपुढें उभा राहिला. १९९५ सालीं मधु सप्रे व मिलिंद सोमण यांचें अंगावर अजगर वेढून घेतलेलें, पायांत जोड्यांखेरीज कांहीं नसलेलें, प्रबुद्ध दासगुप्त यांनीं काढलेलें जाहिरातीचें छायाचित्र मुंबईंत खटल्याला कारण झालें. निर्दोष सुटावयास २००९ साल उजाडलें. जोडे विकण्यासाठीं चौदा वर्षें कोर्टाची पायरी! रवि जाधव यांच्या 'न्यूड' या २०१८ च्या चित्रपटांत जे. जे. कलाशाळेंत चित्रकारांपुढें बसणारी गरीब बाई आहे. हा चित्रपट आदल्या वर्षीं गोव्याच्या महोत्सवांतून सरकारनें वगळला होता. त्यांतली यमुना मुलाच्या शिक्षणासाठीं मजुरी घेऊन बसते. आमच्या बाई पैसे देऊन बसल्या. या दोहोंच्या मध्यें सारा इतिहास आहे असें आम्हांस वाटतें.

मग छायाचित्रें वहीइतकीं चांगलीं कां नाहींत? पहिलीं चार तर आम्हांस मुळींच आवडलीं नाहींत. गुलाबाच्या पाकळ्या, साटिनची चादर, ओठांशीं नेलेलें बोट. हा हावभाव बाईंचा नव्हे; तो कोठल्या तरी परदेशी पानावरून उचलून त्यांच्या अंगावर शालीसारखा टाकला आहे. त्यांतही वाईट म्हणजे यांतल्या दोन चित्रांत शस्त्रक्रियेचा व्रण पुसून टाकला आहे. पूर्वीं गिरगांवच्या स्टुडिओंतून कांचेवर शिसपेन्सिलीनें देवीचे वण घालवीत, सुरकुत्या भरीत. तो नाजूक कसब होता आणि मुलीचें लग्न जमावें हा त्याचा उघड हेतु होता. येथें कोणाचें लग्न जमावयाचें आहे? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत बाईंनीं स्पष्ट लिहिलें होतें कीं लपवावयाचें कांहीं नाहीं. तें उत्तर त्या मुलीनें वाचलें, पण तिच्या हाताला तें पटलें नसावें. दयेनें केलेली ही चूक आहे. पण कलेंत दयेनें केलेल्या चुकीला अधिक गुण देतां येत नाहींत. पांचवें ते आठवें हीं बरीं आहेत, इतकेंच.

नववें मात्र असाधारण आहे. स्टुडिओ लोअर परळमधल्या एका बंद गिरणीच्या आवारांत. गिरणीच्या शेडचें छप्पर करवतीच्या दांत्यांसारखें असतें आणि त्याच्या कांचा उत्तरेकडे तोंड करून बसविलेल्या असतात. ऊन थेट आंत येऊं नये, सावली पडूं नये आणि मागावरचा तुटलेला धागा विणकराला दिवसभर सारखा दिसावा, अशी ती योजना. चित्रकार आणि छायाचित्रकार ज्या उत्तरेच्या प्रकाशासाठीं जीव टाकतात तो हाच. बाईंचे वडील परळच्या एका गिरणींत विणकर होते. १९८२ च्या जानेवारींतला संप झाला आणि ते पुन्हां गिरणींत गेले नाहींत. नवव्या चित्रांत त्या प्रकाशांत बाई जमिनीवर बसल्या आहेत, व्हॉइलची साडी खांद्यावरून ओघळलेली, केस मोकळे, तळहातावर तेल. कॅमेऱ्याकडे त्या पाहतही नाहींत. व्रण व्हॉइलमधून दिसतो तसा दिसतो. मान आहे, मनगट आहे. ही एकच आकृति अशी कीं जी अद्याप तयारच होत आहे. आणि म्हणून येथें छायाचित्र वहीच्या बरोबरीला आलें. आम्ही मागून चौकशी केली तेव्हां कळलें कीं हें ठरवून काढलेलें नाहीं. दिवे बदलावयास वेळ लागत होता, बाईंनीं तेवढ्यांत केसांना तेल लावून घेतलें, आणि त्या मुलीनें न सांगतां कळ दाबली. यांत तिचें श्रेय कमी होत नाहीं. बारा चित्रांत हें घालावयाचें हें तिला कळलें. आणि मागून विचारून, परवानगी घेऊन तिनें तें घातलें. अकराव्यांत नऊवारीचा कासोटा सुटतांना बाई जें हंसल्या आहेत तें हंसणेंही खरें आहे, पण त्यांत खोली कमी.

आमचे वाचक गृहस्थ आहेत. ते विचारतील कीं अशीं चित्रें बाहेर गेलीं तर? हा प्रश्न भित्रेपणाचा नव्हे, आणि तयारींत त्याचा समावेश व्हावयास हवा. बाईंनीं तो केला, शिक्षिकेच्या शिस्तीनें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणें मोबदला देऊन काढविलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढविणाराकडे असतो; म्हणून उलट करारावर त्यांनीं सही केली नाहीं. छपाई झाल्यावर स्टुडिओनें आपल्याकडील प्रती नष्ट कराव्या, हें लिहून घेतलें. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७७ व्या कलमांत असेंही आहे कीं, स्त्रीनें अशा स्थितींतलें चित्र काढूं देण्यास संमति दिली असली तरी तें इतरांत पसरविण्यास दिली असें होत नाहीं, पसरविणारा गुन्हेगारच. एवढा भेद कायद्याला उमगावयास किती काळ लागला! घरांतल्या माणसांना तो अजून उमगावयाचा आहे. बाईंच्या बहिणीनें संग्रह पाहिल्यावर पहिलें वाक्य काढलें तें, "आतां सगळ्यांना दाखवशील वाटतं," हें. त्या मुलीनें नववें चित्र एका प्रदर्शनासाठीं मागितलें होतें. बाईंनीं दोन दिवस विचार करून नाहीं म्हटलें; अकरावें देऊं केलें. आम्हीं त्यांस लिहिलें कीं कलेच्या दृष्टीनें हा निर्णय उलटा आहे, जें उत्तम तेंच लोकांपुढें यावें. त्यांचें उत्तर एका ओळीचें आलें : चौथ्या प्रश्नाचें उत्तर मीं त्याच रात्रीं लिहिलें होतें, तें पुन्हां वाचावें.

आम्हीं वही उघडून पुन्हां वाचलें, आणि आमचें म्हणणें मागें घेतलें. संग्रह परत करावयास गेलों तेव्हां घरीं सुतार आलेला होता. नववें चित्र मोठें करून आणविलें होतें आणि तें गोदरेजच्या कपाटाच्या दाराला, आरसा बाहेरून आहे त्याच जागीं आंतल्या अंगानें बसवावयाचें होतें. पत्र्याला खिळा लागणार नाहीं असें सुतार सांगत होता, आणि यजमान फूटपट्टी घेऊन दाराची उंची मोजीत होते.